आठी कोणत्या थरातली? सुरीविना चेहरा घट्ट करणाऱ्या उपचारांची उकल

ताईच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं आणि पंधरा दिवसांनी ताईने मला एका कागदाचा फोटो पाठवला. घराजवळच्या एका स्किन क्लिनिकने तिला दिलेलं ते 'पॅकेज' होतं. पहिल्या ओळीत कपाळासाठी बोटॉक्स. दुसऱ्या ओळीत 'फेस मसल टोनिंग', आठ सिटिंग. त्याखाली हायफू, मग पीआरपी आणि तळाशी सवलत वजा करून आलेला एक भलामोठा आकडा. तिचा प्रश्न मात्र पैशांचा नव्हता. "पहिलं औषध स्नायू ढिला करतं म्हणे, आणि दुसरं मशीन स्नायू घट्ट करतं. मग माझे स्नायू जास्त ताठ आहेत की जास्त सैल? एकाच चेहऱ्यावर दोन्ही कसं?"

ताईने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. विसंगती तिला लगेच खुपते. मी फार्मसी कॉलेजात शिकवते. त्वचेची डॉक्टर नाही, पण औषध शरीरात कुठे जातं आणि तिथे काय करतं हे समजावणं हेच माझं रोजचं काम. तिला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर मांडते. लगीनसराईच्या तोंडावर असे कागद कितीतरी घरांत येत असतील, आणि त्यांवरचे शब्द इतके गुळगुळीत असतात की समोरच्याला विचारायचं काय, हेच सुचत नाही.

चेहरा म्हणजे नवारीचा पलंग

आमच्या आजोळी नवारीचा पलंग होता. खाली लाकडी चौकट, चौकटीवर विणलेली नवार, नवारीवर कापसाची गादी आणि गादीला खोळ. चेहऱ्याची रचना याच क्रमाने डोळ्यांसमोर आणा. चौकट म्हणजे कवटीची आणि जबड्याची हाडं. नवार म्हणजे स्नायू आणि त्यांना धरून असलेला चिवट तंतूंचा पातळ पडदा. फेसलिफ्टची शस्त्रक्रिया करणारे सर्जन हाच पडदा ओढून शिवतात. त्याचं पहिलं व्यवस्थित वर्णन १९७६ साली दोन फ्रेंच डॉक्टरांनी केलं. कापूस म्हणजे कातडीखालची चरबी. आणि खोळ म्हणजे त्वचा.

वय होताना हे चारही थर बदलतात, पण प्रत्येक आपल्या पद्धतीने. त्वचेला बळ देणारा धागा म्हणजे कोलॅजन हे प्रथिन. तारुण्य ओसरू लागलं की ते वर्षाला साधारण एक टक्क्याने घटत जातं असं मानलं जातं. बायकांच्या बाबतीत पाळी थांबल्यावर ही घट एकदम वेग घेते. पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होतं. पन्नाशीच्या आसपास 'दोन-चार वर्षांतच चेहरा बदलला' असं अनेकींना वाटतं. तो मनाचा खेळ नाही, त्यामागे हे कारण आहे.

चरबी सलग पसरलेली नसते. गादीला टाके घालून कप्पे पाडावेत तशी ती कप्प्याकप्प्यांत असते. कानशिलं आणि गालांच्या वरच्या भागातले कप्पे आटतात, जबड्याकडचे खाली घसरतात. कापूस एका बाजूला गोळा झालेल्या गादीसारखे वर खड्डे आणि खाली उंचवटे दिसू लागतात.

आणि चौकटसुद्धा झिजते. डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात, जबड्याचं हाड आखूड होतं. दात पडले की ही झीज आणखी वाढते. आजी रात्री कवळी काढून वाटीत ठेवायची तेव्हा तिचे गाल क्षणात आत जायचे. कातडी तीच, स्नायू तेच. फक्त आतला आधार गेलेला.

तोंड वाकडं झालेल्या माणसाचं कपाळ

आता स्नायूंकडे येऊ, कारण ताईचा प्रश्न त्यांच्याबद्दलच होता.

दंडाचा स्नायू एका हाडापासून निघून दुसऱ्या हाडाला जाऊन मिळतो आणि सांधा हलवतो. चेहऱ्यावरचे बरेचसे स्नायू असे नाहीत. त्यांचं एक टोक आत, आणि दुसरं थेट कातडीत गुंतलेलं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे पटकन कळेल: दोरी ओढली की बाहुली हलते. इथे दोरी ओढली की कातडी हलते, आणि त्यातून हसू, राग, आश्चर्य उमटतं. कातडीला घडी पडते ती दोरीला आडवी. कपाळाचा स्नायू उभा ओढतो, म्हणून आठ्या आडव्या. तरुणपणी ही घडी लगेच विरते. पण पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवली तर घडीच्या रेषेवर रेशीम कमकुवत होतं, तसंच त्वचेचं. काही वर्षांनी चेहरा शांत असतानाही रेष दिसत राहते.

स्नायू ओढायचा पूर्ण थांबला तर काय होतं, हे निसर्गानेच दाखवून ठेवलंय. चेहऱ्याची नस अचानक सुजून एका बाजूचा लकवा होतो, त्याला आपण 'तोंड वाकडं झालं' म्हणतो. अशा माणसाच्या लकवा झालेल्या बाजूला ओठाचा कोपरा खाली येतो, गाल सैल पडतो, डोळा मिटत नाही. आणि त्याच बाजूचं कपाळ इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत होतं. एकही आठी उरत नाही. (जाता जाता एक महत्त्वाचं: तोंड अचानक वाकडं झालं तर घरी शेकत बसू नका. मेंदूचा झटकाही असू शकतो, विशेषतः कपाळाला आठ्या पडतायत पण ओठ ओघळलाय, अशा वेळी. ताबडतोब रुग्णालय गाठा.)

त्या एका चेहऱ्यात ताईच्या प्रश्नाचं उत्तर आहे. स्नायू घडी पाडतात आणि स्नायूच चेहरा धरूनही ठेवतात. त्यामुळे कपाळावरचा स्नायू शांत करणं आणि गालाचा सशक्त करणं यात तत्त्वतः विरोध नाही.

पण इथे एक पायरी लोक गाळतात, आणि सगळी गडबड तिथेच होते. लकव्यात गाल ओघळतो, म्हणून चौपन्नाव्या वर्षी ओघळलेला गालही स्नायू कमजोर झाल्यामुळेच ओघळला, असं होत नाही. धडधाकट माणसाच्या चेहऱ्याचे स्नायू दिवसभर कामात असतात. बोलतो, हसतो, जेवतो, उन्हात डोळे बारीक करतो. वयाने तेही थोडे बदलतात, पण ओघळलेल्या गालाचा मोठा वाटा विरलेल्या खोळीचा, सरकलेल्या कापसाचा आणि झिजलेल्या चौकटीचा असतो. प्रत्येक उपचारापुढे म्हणूनच मी एकच प्रश्न ठेवते: हा कोणत्या थरावर काम करतो, आणि माझी तक्रार त्याच थरातली आहे का?

आठी पाडणारा स्नायू शांत करणं

बोटॉक्स हे खरं तर एका ब्रँडचं नाव, पण झेरॉक्ससारखं सगळ्यांना चिकटलंय. औषध आहे बोट्युलिनम टॉक्सिन, एका जिवाणूने बनवलेलं विष. १८९५ साली बेल्जियममधल्या एका गावात अंत्ययात्रेला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. काहींचे स्नायू लुळे पडले आणि तिघे दगावले. त्या तपासातून हा जिवाणू सापडला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी हेच विष अगदी सूक्ष्म मात्रेत तिरळेपणावर वापरून पाहिलं, आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डोळ्यांच्या विकारांसाठी त्याला मान्यता दिली. सुरकुत्यांचा उपयोग ओघात कळला. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स पापण्या फडफडण्याच्या आजारावर हे इंजेक्शन देत असत. तेव्हा भुवयांमधली आठीही जाते, हे लक्षात आलं. त्यांनी आणि त्यांच्या त्वचातज्ज्ञ पतीने १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. सौंदर्यासाठीची अमेरिकी मान्यता आली २००२ मध्ये.

काम कसं होतं? नस स्नायूला 'आकुंचन पाव' असा निरोप एका रसायनातून देते. दाराची बेल शाबूत आहे, वायरही शाबूत आहे, पण बटण दबतच नाही, तशी अवस्था हे औषध आणतं. परिणाम तीन-चार दिवसांत जाणवू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो, कारण नस हळूहळू पूर्ववत होते.

"विषच ना शेवटी?" ताईने विचारलं. हो. पण भुवयांमधल्या आठ्यांसाठी ठरलेली मात्रा, त्या मूळ ब्रँडच्या हिशेबात, पाच ठिकाणी मिळून २० युनिट. विषबाधेला लागेल त्याच्या तुलनेत हा अगदी छोटा अंश आहे. औषध चुकीच्या जागी पसरलं तर पापणी खाली येऊ शकते, पण ती काही आठवड्यांत आपोआप सावरते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असलेल्यांनी ते घेऊ नये. आणि इंजेक्शनं थांबवली म्हणून चेहरा आधीपेक्षा जास्त उतरत नाही. तो होता तिथे परत येतो. हा गैरसमज फार पसरलाय.

म्हणजे या यादीतलं हे औषध आपलं काम इमानेइतबारे करतं. फक्त ते काम आठ्यांपुरतंच आहे. ओघळलेला गाल ते उचलत नाही.

विजेने गाल उचलला जातो का?

चेहऱ्याच्या स्नायूंना वीज देण्याची कल्पना आजकालची वाटते, पण पॅरिसचे डॉक्टर द्युशेन यांनी १८६२ मध्ये यावर सचित्र पुस्तकच काढलं होतं. त्यांनी एका वृद्धाच्या चेहऱ्यावर विजेची टोकं ठेवून एकेक स्नायू आकुंचित केला आणि त्या त्या भावाचे फोटो घेतले. त्या फोटोंपैकी काही पुढे डार्विनने १८७२ मध्ये स्वतःच्या पुस्तकात वापरले. विजेने आणलेल्या हसण्यात डोळे हसत नाहीत, मनापासूनच्या हसण्यात हसतात, हे द्युशेननी टिपलं होतं. विजेचा प्रवाह दिला की चेहऱ्याचा स्नायू आकुंचन पावतो, यात तेव्हापासून वाद नाही.

वाद पुढच्या पायरीचा आहे. आकुंचन पावलेला स्नायू गालाला कायम वर धरून ठेवतो का?

बाजारात दोन जातींची यंत्रं आहेत. मायक्रोकरंटमध्ये प्रवाह इतका अल्प असतो की स्नायू फडफडतही नाही. घरी वापरायची हातातली यंत्रं बहुधा हीच. दुसऱ्या जातीत स्नायू खरोखर आकुंचन पावतो, आणि अलीकडे, २०२२ पासून, त्याला उष्णतेची जोड देणारी महागडी यंत्रं आली आहेत. त्यांच्यावरचे अभ्यास आहेत, पण छोटे आहेत आणि बऱ्याच वेळा बनवणाऱ्या कंपनीच्याच मदतीने झालेले आहेत. मायक्रोकरंटच्या बाजूने तर त्याहून कमी. 'एफडीए क्लिअर्ड' (एफडीए म्हणजे अमेरिकेचं तेच औषध प्रशासन) ही मोहोर पाहून भारावू नका. अमेरिकेत अशा यंत्रांना बहुधा 'आधीच्या अशाच यंत्राइतकं सुरक्षित आणि परिणामकारक' एवढ्या आधारावर परवानगी मिळते. गाडीचं आरटीओ पासिंग झालंय, याचा अर्थ ती वरंध घाट तुमच्या सामानासह चढेल असा होत नाही.

"पण माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्टनी विजेनेच मांडीचा स्नायू सुधारला की," ताई म्हणाली. रास्त मुद्दा. तिथे स्नायू न वापरल्यामुळे खरोखरच रोडावला होता, म्हणून त्याला जागं करून उपयोग झाला. गालाचा स्नायू रिकामा बसलेलाच नाही. शिवाय व्यायाम सोडला की मांडी पुन्हा सुकते, तसंच इथेही. म्हणजे जे काही मिळेल ते टिकवायला सिटिंग चालूच ठेवावी लागणार.

चेहऱ्याच्या व्यायामाबद्दल एक अभ्यास वारंवार दाखवला जातो, तो मला आवडतो, कारण तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे दोन्ही स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने तो २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. चाळीस ते पासष्ट वयाच्या २७ बायका, वीस आठवडे. पहिले आठ आठवडे रोज अर्धा तास, पुढे एक दिवसाआड. शेवटपर्यंत टिकल्या १६. फोटो पाहणाऱ्या डॉक्टरांना त्यांचं सरासरी वय आधी ५०.८ वाटलं आणि शेवटी ४८.१. फरक मुख्यतः गाल भरीव दिसण्यात पडला. म्हणजे स्नायू जरा पोसला आणि आटलेल्या कापसाची जागा त्याने थोडी भरून काढली असावी. पण तुलनेसाठी व्यायाम न करणारा दुसरा गट नव्हता, आणि अकरा जणी मध्येच सोडून गेल्या. फुकटातला उपाय म्हणून करून बघायला माझी काहीच हरकत नाही. आठ सिटिंगच्या आकड्याला मात्र हा अभ्यास आधार देत नाही.

एक सावधगिरी: हृदयात पेसमेकर असेल, फिट्स येत असतील किंवा गरोदर असाल तर विजेची ही यंत्रं टाळाच.

उष्णतेने आवळणं

निखाऱ्यावर पापड धरला की तो आखडतो. कोलॅजनही साठ-सत्तर अंशांना तापवलं की आखडतं, आणि मग शरीर ती जागा 'भाजलेली' समजून दुरुस्तीला लागतं, नवं कोलॅजन विणतं. हायफू, रेडिओफ्रिक्वेन्सी (रेडिओलहरींनी कातडी तापवणं) आणि लेझर या तिघांच्या मुळाशी हीच युक्ती आहे. फरक उष्णता कुठे आणि कशी पोचवायची याचा.

हायफू म्हणजे ध्वनिलहरी एकवटून आत एका ठिपक्यावर उष्णता निर्माण करणं. लहानपणी भिंगाने ऊन एकवटून कागद जाळायचो. भिंग आणि कागद यांच्यामधली हवा पेटायची नाही, तसंच इथे वरची कातडी शाबूत राहून साडेचार मिलिमीटर खोलवरचा तंतूंचा पडदा तापतो. उष्णतेच्या उपचारांमध्ये नवारीपर्यंत खरोखर पोचणारं मुख्यतः हेच. अमेरिकेत असं पहिलं यंत्र २००९ मध्ये भुवया उचलण्यासाठी मान्य झालं. परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो आणि तो मर्यादित असतो: जबड्याची रेष थोडी ठळक होते, एवढंच. लग्नाच्या आदल्या आठवड्यात हायफू करून घेण्यात म्हणून काही अर्थ नाही. आधीच गाल बसलेल्या, सडपातळ चेहऱ्यावर तर जास्तच जपायला हवं, कारण उष्णता चुकून चरबीला लागली तर आहे तो कापूसही वितळेल. सुया टोचून त्यांच्या टोकाला रेडिओफ्रिक्वेन्सी देणाऱ्या यंत्रांबद्दल अमेरिकी औषध प्रशासनाने २०२५ मध्ये इशारा दिला, त्यातही भाजणं, व्रण आणि नसांच्या इजेबरोबर चरबी नष्ट होण्याचा उल्लेख आहे.

लेझरबद्दल आपल्यासाठी वेगळं सांगायला हवं. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगातलं मेलॅनिन उन्हापासून आपलं रक्षण करतं. गोऱ्या कातडीच्या मानाने आपल्याला सुरकुत्या उशिरा येतात. पण तेच मेलॅनिन लेझरचा प्रकाशही शोषतं, आणि कातडीला जरा दुखापत झाली की जागा काळी करून ठेवतं. मुरूम फोडल्यावर महिनोन् महिने डाग राहतो, तोच हा स्वभाव. गोऱ्या कातडीसाठी लावलेली मात्रा जशीच्या तशी वापरली तर सुरकुती राहील बाजूला आणि गालावर काळा चट्टा येईल. वांग असलेल्यांनी तर फारच सांभाळून. तीव्र ॲसिडच्या केमिकल पीललाही हेच लागू. कानामागे किंवा जबड्याखाली थोड्या जागेवर आधी चाचणी करून घ्या.

कापूस भरणं

फिलर म्हणजे गादीत कापूस भरणं. सर्वाधिक वापरलं जातं ते हायलुरॉनिक ॲसिड, आपल्याच शरीरात असणारं, पाणी धरून ठेवणारं जेलसारखं द्रव्य. गुडघ्याच्या सांध्यात जे जेलचं इंजेक्शन देतात तेही याच जातीचं. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत टिकतं, आणि नकोसं झालं तर हायलुरॉनिडेज नावाच्या औषधाने विरघळवता येतं. बाकीच्या प्रकारच्या फिलरना ही सोय नाही.

सध्या याची मागणी वाढण्यामागे आणखी एक कारण आहे. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं, मौंजारो आणि वेगोव्ही, २०२५ मध्ये भारतात आली. वजन झपाट्याने उतरलं की चेहऱ्याचा कापूसही निघतो आणि खोळ मात्र जुन्याच मापाची राहते. आजारी दिसायला लागलो, म्हणून लोक दवाखान्यात जातात. हे औषधाचं विष नव्हे, वजन कसंही एकदम उतरलं तरी हेच होतं.

फिलरची भीती मात्र मी ताईला मुद्दाम घातली. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर पुढचा रक्तपुरवठा अडतो. कातडी पांढरीफटक किंवा जाळीदार निळसर पडते, असह्य दुखतं, ताबडतोब हालचाल केली नाही तर तो भाग सडू शकतो. नाक आणि भुवयांच्या मधल्या भागातल्या वाहिन्यांचं जाळं डोळ्याच्या वाहिनीशी जोडलेलं आहे. तिथे चूक झाली तर दृष्टी जाऊ शकते. हे क्वचित होतं. पण होतं तेव्हा बऱ्याचदा भरून येत नाही.

पीआरपीबद्दल थोडक्यात. तुमचंच रक्त काढून, यंत्रात वेगाने फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग पुन्हा टोचायचा. सुरकुत्यांवर त्याचा पुरावा संमिश्र आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका विनापरवाना स्पामध्ये हा उपचार घेतलेल्या किमान तीन बायकांना तिथूनच एचआयव्हीची लागण झाली असावी, असा निष्कर्ष तिथल्या सरकारी साथरोग संस्थेने २०२४ मध्ये काढला. उपचारापेक्षा सुयांची स्वच्छता हा तिथला मुद्दा होता.

"पण माझ्या मैत्रिणीला फरक दिसला"

दिसला असेल. सुया, उष्णता, चोळणं, वीज, काहीही केलं तरी कातडी थोडी सुजते, आणि सुजलेल्या कातडीवरच्या बारीक रेषा भरून निघतात. हा 'ग्लो' चार-आठ दिवसांचा. दगडी पट्टीने चेहरा चोळल्यावर सकाळची सूज उतरते, तेही खरं, पण दुपारपर्यंतचं. आधी-नंतरच्या फोटोंत प्रकाश कुठून येतोय बघा. वरून पडणारा दिवा प्रत्येक खड्ड्यात सावली टाकतो, समोरचा प्रकाश ती पुसतो. हनुवटी इंचभर उचलली तरी जबडा बदलतो. स्वतःचा खरा हिशेब ठेवायचा असेल तर एकाच खिडकीत, एकाच वेळी, न हसता फोटो काढा. आधी एक आणि तीन महिन्यांनी एक.

खोळीची काळजी, जी कागदावर नव्हती

मला सर्वांत जास्त खटकलं ते हे. एवढ्या लांब यादीत सनस्क्रीनचं नाव नव्हतं.

एका वैद्यकीय नियतकालिकात २०१२ मध्ये एका ६९ वर्षांच्या अमेरिकी ट्रकचालकाचा फोटो छापून आला. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवलेली. चेहऱ्याची डावी, म्हणजे खिडकीकडची बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी. जाड, चिरा पडलेली, ओघळलेली. माणूस एक, वय एक, स्नायू दोन्हीकडे सारखेच. काचेतून आरपार येणाऱ्या अतिनील किरणांनी हा फरक केला होता. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा आपल्या एसटी आणि रिक्षाचालकांची उजवी बाजू पाहावी.

ऑस्ट्रेलियात तर रीतसर प्रयोग झाला. नॅम्बोर गावातल्या पंचावन्नच्या आतल्या ९०३ जणांचे गट पाडले; काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, काहींना त्यांच्या मर्जीवर सोडलं. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी भरलं. अशा तऱ्हेने तुलनेचा गट ठेवून, इतकी वर्षं तपासलेलं यंत्र त्या पॅकेजमध्ये एकही नव्हतं. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतकं क्रीम, एसपीएफ ३० च्या वरचं, उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांग असेल तर रंगीत, म्हणजे लोहाची ऑक्साइड असलेलं घ्या, ते दिसणाऱ्या प्रकाशालाही अडवतं.

दुसरं म्हणजे ट्रेटिनॉइन, 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. मूळ मुरुमांसाठीचं, बारीक सुरकुत्यांसाठी अमेरिकेत १९९५ मध्ये मान्य झालं. ते खरोखर नवं कोलॅजन बनवायला लावतं. सुरुवातीला कातडी सोलवटते, म्हणून मटाराच्या दाण्याएवढं, रात्री, आठवड्यातून दोनदा आणि डॉक्टरांना विचारून. गरोदरपणात अजिबात नाही.

उटण्याचं काय, असं आईने मधूनच फोन घेऊन विचारलं. उटणं वरची मेलेली कातडी हलक्या हाताने काढतं, चेहरा उजळ दिसतो. लावावं, आनंदाने लावावं. ते खालच्या थरात पोचत नाही इतकंच. दुकानातलं कोलॅजनचं क्रीमही पोचत नाही, कारण त्याचा रेणू फार मोठा आहे. पिठाच्या चाळणीतून नारळ पाडण्यासारखं ते.

सुई कोणाच्या हातात

टोचायचं असेल तर टोचणारी व्यक्ती डॉक्टरच हवी, आणि शक्यतो त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन. त्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा; यात उद्धटपणा काही नाही. पार्लरमध्ये इंजेक्शन नकोच. बाटली समोर उघडायला सांगा, लेबल आणि बॅच क्रमांकाचा फोटो घ्या. बोटॉक्सची किती युनिट, कोणत्या ब्रँडची, हे कागदावर हवं, कारण ब्रँड बदलला की युनिटचं माप बदलतं. फिलर घ्यायचं असेल तर हायलुरॉनिडेज आत्ता इथे आहे का, हा प्रश्न टेबलावर आडवं व्हायच्या आधी. आणि 'माझ्या चेहऱ्यात नेमका कोणता थर बिघडलाय' हे डॉक्टरांना आरशासमोर दाखवायला लावा. चांगले डॉक्टर हे दोन मिनिटांत बोट ठेवून दाखवतात.

ताई दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी तिच्या भुवयांमधल्या आठ्यांवर २० युनिट दिली, ट्रेटिनॉइन लिहून दिलं, आणि गालांबद्दल म्हणाल्या की वरचा डाव्या बाजूचा काढलेला दात आधी बसवून घ्या, त्या बाजूचा गाल त्यामुळे आत गेलाय. फेस टोनिंगची आठ सिटिंग तिने घेतली नाहीत. दाताचं माप परवाच झालं.